हजार धावांचे ओझे

५ जानेवारी २०१६. कल्याणच्या युनियन क्रिकेट अकादमीच्या मैदानावर प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलाने नाबाद १००९ धावांची खेळी पूर्ण केली. १२९ चौकार, ५९ षटकार. इंग्लंडच्या ए. ई. जे. कॉलिन्सचा १८९९ मधला ६२८ धावांचा विक्रम एका रिक्षाचालकाच्या मुलाने मोडला. मुंबई क्रिकेट संघटनेने पाच वर्षांसाठी दरमहा दहा हजारांची शिष्यवृत्ती जाहीर केली. पुढे धावा आटल्या आणि २०१७ मध्ये वडिलांनीच ती थांबवण्याची विनंती केली.

यात दोषी कोण, हे शोधून काही हाती लागणार नाही. आकड्याचे ओझे कोवळ्या मनाला किती लवकर जड होते, ते मात्र पाहायला हवे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये विद्यार्थ्यांना कोडी दिली. काहींना सोडवण्याचे पैसे मिळाले. पैसे बंद होताच मोकळ्या वेळात कोड्यांकडे वळण्याचा त्यांचा ओढा कमी झाला. शाबासकीने असे झाले नाही.

आता कुणी म्हणेल, आचरेकर सर स्टंपवर रुपयाचे नाणे ठेवत, ते बक्षीसच की! खरे आहे. पण सचिनने जपून ठेवलेल्या त्या तेरा नाण्यांचे मोल रुपयांत नाही. ‘आज तू बाद झाला नाहीस’ ही सरांची पावती त्यात आहे.

अमेरिकेतच स्मिथ आणि स्मोल यांनी मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांना काही तासांचे प्रशिक्षण दिले. चुकलेल्या मुलाला आधी धीर द्या, मग कसे खेळायचे ते सांगा, प्रयत्नाची दखल घ्या, शिक्षा टाळा. इतकेच. त्यांच्या १९९२ च्या अभ्यासात साध्या प्रशिक्षकांकडची २६ टक्के मुले पुढच्या मोसमात परतली नाहीत. शिकवलेल्यांकडे हे प्रमाण ५ टक्के होते. हा फरक हार-जितीमुळे पडलेला नव्हता.

कल्याणच्या त्या सामन्यात दुसऱ्या बाजूलाही शाळकरी मुलेच होती. त्यांचे डाव ३१ आणि ५२ धावांत संपले. मधल्या काळात १४६५ धावांचे क्षेत्ररक्षण त्यांनी केले. त्या संध्याकाळी खरी गरज प्रशिक्षकाच्या दोन शब्दांची होती, ती या मुलांना.

डोंबिवली-ठाण्यात रविवारी सरावाहून परतणाऱ्या मुलाला स्कूटरवर बसता बसता पहिला प्रश्न येतो, ‘किती केल्यास?’ पुढे काही मुलांचे सरावाच्या दिवशीच सकाळी पोट दुखू लागते. तपासण्या बहुधा नॉर्मल येतात. दुखणे मात्र खोटे नसते.