जांभई देताना जबडा ‘कट्’ का वाजतो?

कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडा. जबड्याचं हाड आधी जागच्या जागी फिरतं, मग पुढे सरकतं. हाड आणि कवटी यांच्यामध्ये, घागरीखालच्या चुंबळीसारखी, चिवट तंतूंची चकती असते. ती पुढे घसरली, की तोंड उघडताना हाड पुन्हा तिच्यावर चढतं आणि ‘कट्’ आवाज येतो. नुसत्या आवाजाला उपचार लागत नाहीत. दुखत असेल, तर फिजिओथेरपिस्ट तोंड किती उघडतं (साधारण ४० ते ५० मिलिमीटर), जबडा एका बाजूला वळतो का, गालाचे नि मानेचे स्नायू दुखतात का, हे पाहतात. पुष्कळदा दात आवळण्याची सवय दुखणं वाढवते. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला: जबड्याला खरी विश्रांती अशी मिळते. तोंड अचानक उघडेनासं झालं, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा.