उसना श्वास

एप्रिल २०२१ मधील ती रात्र आहे. मुक्ताईनगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या एका स्नेह्यांच्या बोटावरील ऑक्सिमीटर ८४ हा आकडा दाखवीत होता. भुसावळ, जळगाव असे फोन फिरवीत आम्ही बसलो होतो. कोठे खाट होती तर प्राणवायू नव्हता. पहाटे जळगावला जागा मिळाली आणि ते वाचले. बँकेत आयुष्यभर शिलकी मोजल्या. परंतु त्या रात्रीइतकी शिलकीची धास्ती कधी वाटली नव्हती.

बाहेरून श्वास पुरविण्याच्या शास्त्राचा इतिहास मी त्यानंतर वाचला. १९२८ साली बोस्टन येथे फिलिप ड्रिंकर व लुई शॉ यांचे 'लोखंडी फुफ्फुस' प्रथम रुग्णासाठी वापरले गेले. पेटीबाहेर केवळ डोके. आतील हवेचा दाब कमी केला की छाती फुगे आणि नाकातोंडावाटे श्वास आत येई. १९५२ च्या पोलिओच्या साथीत कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात अशी एकच पेटी होती. तेथील पहिल्या ३१ गंभीर रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने उलट मार्ग सुचविला : श्वासनलिकेत छिद्र पाडून नळी बसवावी आणि हवा दाबाने आत ढकलावी. २७ ऑगस्ट रोजी बारा वर्षांच्या एका मुलीवर हा प्रयोग झाला व ती जगली. मग सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने, रात्रंदिवस, हाताने रबरी पिशव्या दाबल्या. आजचा व्हेंटिलेटर म्हणजे त्या हातांच्या जागी आलेले यंत्र होय.

आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. फारुख उदवाडिया यांनी धनुर्वाताच्या रुग्णांना याच उपायाने जगविले. धनुर्वातात स्नायू आखडून श्वास कोंडतो. औषधाने ते शिथिल केले तर रुग्ण स्वतः श्वास घेऊ शकत नाही. यंत्र ती मधली वेळ निभावून नेते. ते रोग बरा करीत नाही, मुदत वाढवून देते. आमच्या व्यवसायातील मंडळींना हे निराळे सांगावयास नको.

परंतु प्राणवायूच नसेल तर यंत्र काय करणार? २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागली आणि पुरवठा खंडित होऊन २२ रुग्ण गेले. त्याच काळात आपल्या खानदेशातील नंदुरबार मात्र सावरले होते. जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः एमबीबीएस. पहिली लाट ओसरत असतानाच, सप्टेंबर २०२० मध्ये, त्यांनी हवेतून प्राणवायू वेगळा करणारा प्रकल्प उभारला. खर्च सुमारे ८५ लाख रुपये. पुढे आणखी प्रकल्प झाले. अशा यंत्रात झिओलाइटचे खडे दाबाखालील हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध प्राणवायू पुढे जातो. टँकरची वाट पाहावी लागत नाही.

यंत्र विकत घेताना भांडवली खर्च सर्वांना दिसतो. गाळण्या, वीज आणि चालविणारा माणूस यांची तरतूद मात्र मागे पडते, हा माझा कर्जप्रकरणांतला जुना अनुभव. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात कधी जाणे झाले, तर प्राणवायूचे यंत्र शेवटचे कधी चालवून पाहिले, एवढे अवश्य विचारावे.