एक संगणक, चार खोल्या

माजी विद्यार्थ्यांनी भेट दिलेला एक जुना पण धडधाकट संगणक शाळेत आला, तेव्हा त्याचा विनियोग कसा करावा यावर आमच्यात बराच खल झाला. कार्यालयास नोंदवह्यांच्या प्रती जपण्यासाठी तो हवा होता, ग्रंथालयास वाचनसाहित्यासाठी. कोणाला जुनी छायाचित्रे त्यात साठवायची होती, तर दहावीच्या मुलांना त्यावर हात बसवायचा होता. चारही कामे एकाच जागी मिसळून ठेवणे धोक्याचे होते. मुले शिकताना काही ना काही बिघडवणारच, किंबहुना बिघडवल्याशिवाय ती शिकणारही नाहीत. मात्र त्याची झळ जनरल रजिस्टरला लागता कामा नये.

यावरील उपाय म्हणजे आभासी संगणक, अर्थात व्हर्च्युअल मशीन. एका खऱ्या यंत्राच्या आत अनेक स्वतंत्र संगणक चालवायचे. प्रत्येकाची प्रणाली वेगळी, कुलूप वेगळे. इमारत एक, खोल्या अनेक, हे वसतिगृहात राहिलेल्यांना निराळे समजावून सांगायला नको. कल्पना जुनी आहे. आयबीएमने आपल्या अवाढव्य यंत्रांसाठी अशी प्रणाली १९७२ मध्ये बाजारात आणली होती. लिनक्सच्या गाभ्यात २००७ पासून केव्हीएम ही सोय आहे आणि तिच्यावर उभारलेली प्रॉक्समॉक्स ही प्रणाली विनामूल्य मिळते. आम्ही तीच निवडली.

खरी कसोटी वाटपाची. प्रोसेसर हा नळासारखा असतो. चार जणांनी पाळी लावली, तर थोडा वेळ लागेल, पण पाणी सर्वांना मिळेल. रॅम मात्र खाटेसारखी असते. एका खाटेवर एका वेळी एकच जण झोपणार. म्हणून नियोजन रॅमपासून सुरू करावे. आमच्या यंत्रात ती १६ जीबी आहे. मूळ प्रणालीसाठी २, कार्यालयासाठी ४, छायाचित्रांसाठी ३, ग्रंथालयासाठी २ आणि सरावासाठी २, असे १३ जीबी वाटले. उरलेले ३ जीबी मोकळे ठेवले. ‘रिकामे का ठेवता?’ असा प्रश्न आलाच. सणासुदीला पाहुणे येतात तेव्हा काय होते, हे ज्याने घर चालवले आहे त्याला ठाऊक असते.

कार्यालयाच्या खोलीविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. जात पडताळणीच्या वेळी केवळ अर्जदाराचा दाखला पुरत नाही. वडिलांच्या, काकांच्या, आत्याच्या शालेय नोंदीही मागितल्या जातात. शाळा सोडून तीस वर्षे झालेला माणूस मुलीच्या प्रवेशासाठी आपल्या नोंदीचा उतारा मागायला येतो, तेव्हा ते पान वाळवीने खाल्लेले असेल तर त्या मुलीचे वर्ष पणाला लागते. मूळ रजिस्टर हाच पुरावा, हे खरेच. परंतु प्रत्येक पानाची स्वच्छ प्रत हाती असली, तर नोंद शोधणे सोपे जाते आणि जीर्ण पाने वारंवार उलटावी लागत नाहीत. म्हणून ही खोली मुलांच्या वायफायपासून पूर्णपणे तोडलेली आहे.

ग्रंथालयाच्या खोलीत किविक्स आहे. त्याद्वारे विकिपीडिया एकदा उतरवून घेतला की इंटरनेट नसतानाही शाळेच्या अंतर्गत जाळ्यावर वाचता येतो. चित्रांसह इंग्रजी विकिपीडियाला शंभर जीबीच्या आसपास जागा लागते. मराठी त्या मानाने अगदी लहान. सरावाच्या खोलीचे तर सुखच. तिची स्थिती आधी टिपून ठेवायची. मुलांनी सारे उलथेपालथे केले, तरी काही मिनिटांत पूर्ववत करता येते.

या सोयीमुळेच एक गैरसमज होतो. टिपलेली स्थिती म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे, कारण ती त्याच डिस्कवर असते. दोन डिस्क एकमेकींचा आरसा म्हणून लावल्या, तरी चुकून पुसलेली नोंद दोन्हीकडून एकाच क्षणी पुसली जाते. आरसा डिस्क बिघडण्यापासून वाचवतो, हाताच्या चुकीपासून नाही. आमची तिसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर असते. दर आठवड्याला ती जोडायची, प्रत घ्यायची आणि दुसऱ्या इमारतीतील कपाटात ठेवायची.

विजेचा हिशेब सोपा आहे. यंत्र सरासरी ५० वॅट घेत असेल, तर दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६ युनिट. प्रश्न बिलाचा नाही, अवेळी जाणाऱ्या विजेचा आहे. यूपीएस नुसता जोडून भागत नाही. बॅटरी उतरू लागल्याचे त्याने संगणकाला कळवावे, म्हणजे खोल्या एकेक करून नीट बंद होतात. वीज आल्यावर आधी कार्यालय, मग ग्रंथालय, शेवटी सराव, असा क्रम आम्ही लावला आहे. जालन्याचा मे महिना लक्षात घेऊन यंत्र पत्र्याच्या खोलीतून हलवले आणि जाळीवरची धूळ झाडण्याचे काम दर शनिवारी नेमून दिले.

दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीत कपाटातील प्रतीवरून कार्यालयाची खोली रिकाम्या जागी पुन्हा उभी करून पाहायची, असे ठरले आहे. त्यासाठी लागणारे परवलीचे शब्द कागदावर लिहून, पाकीट मोहोरबंद करून मुख्याध्यापकांच्या तिजोरीत ठेवले आहे.