गाडी पेट्रोल जास्त का खाते?

पापड, मसाला, भाजी, दूध, माल कोणताही असो, तो बाजारात न्यायला आता कितीतरी गटांकडे स्वतःची गाडी आहे. बहुतेक ठिकाणी ती जुनी घेतलेली असते. मग कधीतरी वहीत पेट्रोलचा आकडा फुगलेला दिसतो आणि गॅरेजवाला म्हणतो, "ट्यूनिंग करावं लागेल." हे ट्यूनिंग म्हणजे काय, ते आज आम्ही सांगणार आहोत. आपल्याला ते कळलं, तर नेमकं काय करायचं आणि पैसे कशाचे द्यायचे, हे आपणच विचारू शकतो.

आधी चुलीकडे बघू. चुलीत लाकडं कोंबली आणि हवेला वाट ठेवली नाही, तर काय होतं? धूर होतो, भांड्याला काजळी धरते, लाकूड संपतं आणि पाणी मात्र कोमटच राहतं. फुंकणीने हवा दिली की जाळ स्वच्छ होतो. इंजिनातही असंच असतं. तिथे पेट्रोल एकटं जळत नाही, त्याला हवा लागते, आणि तीही मापात.

हे माप ठरलेलं आहे. 1 किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. 1 लिटर पेट्रोलचं वजन साधारण पाऊण किलो भरतं. म्हणजे त्या एका लिटरला जवळजवळ 11 किलो हवा लागते. जागेच्या हिशोबाने ती 9,000 लिटर होते, आपल्या 200 लिटरच्या पिंपांत मोजली तर 45 पिंपं! एवढी सगळी हवा एका लहानशा एअर फिल्टरमधून आत जाते. तो धुळीने भरला तर काय होईल, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

माप दोन्ही बाजूंनी चुकतं. पेट्रोल जास्त आणि हवा कमी झाली, तर मेकॅनिक म्हणतो गाडी 'रिच' चालते. सायलेन्सरमधून काळा धूर येतो, पेट्रोलचा वास येतो, ॲव्हरेज पडतं. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं, तर गाडी 'लीन' चालते. मग ती सकाळी लवकर सुरू होत नाही, मिसिंग करते, चढाला दम तोडते आणि इंजिन जास्त तापतं. पेट्रोल वाचवायचं म्हणून कुणी मिश्रण फार पातळ करून देत असेल, तर करू देऊ नका. आज वाचलेले पैसे पुढे इंजिनाच्या कामात जातात.

आत काय चाललं आहे, ते प्लग सांगतो. इंजिन थंड असताना मेकॅनिकला प्लग काढून दाखवायला सांगा. टोक फिकट तपकिरी असेल तर माप बरोबर आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातं आहे. टोक पांढरंफटक असेल तर हवा जास्त आहे. काळं आणि तेलकट असेल, सोबत निळसर धूर येत असेल, तर इंजिन ऑइल जळतं आहे. ते दुखणं वेगळं, ते ट्यूनिंगने बरं होत नाही.

दुसरी खूण पीयूसीच्या कागदावर मिळते. त्यावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा असतो. मागच्या वेळेपेक्षा तो बराच वाढला असेल, तर पेट्रोल अर्धवट जळतं आहे. म्हणून जुने कागद फेकू नका, वहीला लावून ठेवा.

आता जुनी गाडी आणि नवी गाडी यांतला फरक. जुन्या गाडीत कार्बोरेटर असतो. त्याचं माप जेट आणि स्क्रूवर ठरलेलं असतं, ते स्वतः बदलत नाही. म्हणून फिल्टर तुंबला की ती रिच होते. घाट चढून महाबळेश्वरसारख्या उंचावर गेली, तरी विरळ हवेमुळे थोडी रिच होते. नव्या गाडीत इंजेक्शन असतं. धुराच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर उरलेली हवा तपासतो आणि गाडीतला लहान संगणक पेट्रोल कमी-जास्त करतो. तिथे स्क्रू फिरवून ट्यूनिंग होत नाही. इंजिनाचा पिवळा दिवा लागून राहिला, तर मशीन लावून तपासणी करून घ्यायची.

आणखी एक गोष्ट आपल्या उसाशी जोडलेली आहे. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला हवा कमी लागते. अशा 1 किलो पेट्रोलला सुमारे 13.5 किलो हवा पुरते. साध्या पेट्रोलवर लावलेला जुना कार्बोरेटर या पेट्रोलवर थोडा लीन चालतो. सकाळी गाडी अडत असेल, तर मेकॅनिकला ही गोष्ट आवर्जून सांगा.

गॅरेजमध्ये गेल्यावर क्रम असा ठेवा. आधी एअर फिल्टर बघायचा. कागदी असेल तर तो धुवायचा नाही, खराब झाला की बदलायचा. मग प्लग. मग चोक अडकून राहिला आहे का, पेट्रोल कुठे गळतं आहे का. कार्बोरेटरची सफाई त्यानंतर आणि स्क्रूला हात सर्वांत शेवटी. फिल्टर तुंबलेला असताना स्क्रू फिरवणं म्हणजे चुलीचं तोंड बंद ठेवून लाकडं मोजत बसणं.

पैशाचा हिशोबही करून बघा. गाडी महिन्याला 750 किलोमीटर फिरते असं धरू. 15 चं ॲव्हरेज असेल तर 50 लिटर पेट्रोल लागतं. ते 12 वर आलं तर साडेबासष्ट लिटर लागतं. लिटरला 100 रुपये धरले तरी महिन्याला 1,250 रुपये जादा जातात, वर्षाला 15,000.

आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट जिवाची. अर्धवट जळलेल्या पेट्रोलातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात तो ऑक्सिजनची जागा घेतो. डोकं दुखतं, चक्कर येते, माणूस बेशुद्ध पडतो आणि दगावतोही. म्हणून बंद शेडमध्ये गाडी सुरू ठेवू नका, थंडीत काचा लावून चालू गाडीत मुलांना झोपवू नका. कुणाला असा त्रास झाला, तर आधी मोकळ्या हवेत आणा आणि लगेच दवाखान्यात न्या.

येत्या बैठकीत वहीत दोन रकाने आखा, एक लिटरचा आणि एक किलोमीटरचा. टाकी भरली की दोन्ही आकडे लिहायचे. दोन महिन्यांत ॲव्हरेज पडतं आहे का, ते तुमचं तुम्हालाच दिसेल. मग गॅरेजमध्ये वही आणि पीयूसीचे कागद सोबत घेऊन जा.