भिंतीवरचा ओघळ आणि फुटकं कौल

पाऊस सरला की आमच्या संगमेश्वराकडच्या घरात चुन्याच्या भिंतींवर तपकिरी ओघळ दिसू लागतात. दिवाळीच्या रंगरंगोटीत पहिला कुंचला त्यांच्यावरूनच फिरतो. माझी कळकळीची विनंती आहे, आधी ते ओघळ नीट पाहून घ्या. छप्पर कुठं गळतं याचा एवढा ताजा पुरावा मे महिन्यात, दुरुस्तीच्या वेळी, हाती लागत नाही.

कौल जिथं फुटलं असेल नेमकं त्याच्याच खाली पाणी पडतं असं नाही. फटीतला थेंब रिपेवर येतो, तिथून वाशावर, आणि वाशाच्या उतारानं वाहत एखादी गाठ किंवा खिळा भेटला की तिथून सुटतो. म्हणून शोधायचं ते ओघळापासून आढ्याच्या दिशेनं. भर दुपारी माळ्यावर जावं, झडपा लावून घ्याव्यात आणि डोळे अंधाराला सरावू द्यावेत. फुटक्या कौलातून ऊन सुईसारखं आत येतं. केसाएवढी चीर मात्र अशी सापडत नाही. तिथं रिपेवरचा काळा डाग पाहावा लागतो. सापडली जागा की शेजारच्या वाशावर खडूची खूण करायची.

पूर्वी कुंभाराचे नळे असत. ते नुसते एकमेकांवर टेकलेले, वारा-वानरांनी सरकत, म्हणून दर उन्हाळ्यात नळे परतावे लागत. 1860च्या दशकात बासेल मिशननं मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि खाचेत खाच बसणारं चपटं कौल पुढं कोकण-गोव्यात घरोघर आलं. ते सहसा सरकत नाही. पण नारळ पडला, फणसाची फांदी आदळली की फुटतंच. अशा कौलावर डांबर फासणं मला मुळीच पटत नाही. ऊन-पावसात ते सुटतं आणि चीर लपून राहते. कौल बदलावं.

बदलणं अवघड नाही. वरच्या ओळीतली कौलं लाकडी पाचरीनं जराशी उचलून धरायची, बाजूचं कौल सैल करायचं, फुटक्याचं नाक रिपेवरून सोडवून ते खाली ओढून काढायचं. नवं त्याच वाटेनं वर सरकवून नाक रिपेत अडकवायचं. आधी बोटाच्या पेरानं वाजवून पाहावं. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर आत चीर. जुन्या कौलाच्या पाठीवरचा छाप पाहून त्याच कारखान्याचं मिळालं तर उत्तम, कारण मापात थोडा फरक असला तरी खाचा जुळत नाहीत. रीप कुजली असेल तर आधी ती बदला. कुजलेल्या रिपेवर दोन-तीन किलोचं कौल टिकणार कसं?

शेवाळलेल्या किंवा ओल्या छपरावर कधीही चढू नका. पाय कौलाच्या मध्यावर नको, खाली रीप असेल तिथंच. त्याहून बरं म्हणजे आढ्याला बांधलेली शिडी उतारावर आडवी टाकून तिच्यावरून सरकणं. कमरेला दोर हवा आणि खाली माणूस हवाच. उतार फार उभा असेल किंवा वासाच वाकला असेल, तर गावातला जाणता शाकारणारा बोलवावा.

गेल्या मेमध्ये, मृगाच्या पंधरा दिवस आधी, खडूच्या खुणांवरून मी चार कौलं बदलली. मग वरून कळशीभर पाणी हळूहळू ओतलं. आई माजघरात मान वर करून उभी होती.

"आई, येतंय का गं पाणी?"

"थांब, ओत आणखी," ती म्हणाली. मी दुसरी कळशी ओतली. "नाही रे, उतर आता."