पसरणी घाटात गाडी ओढत नाही?

वाईहून पाचगणीकडे निघालं की पसरणी घाट लागतो. सपाटीवर धड चालणारी डिझेल गाडी इथे ओढेनाशी झाली, तर आधी डिझेल फिल्टर तपासा. चढावर इंजिनाला जास्त इंधन लागतं आणि तुंबलेल्या फिल्टरमधून नेमकं तेव्हाच ते पुरेसं येत नाही.

फिल्टरचा कागद काही मायक्रॉनचे कण अडवतो. कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब १,५०० बारच्याही वर जातो; एवढ्या दाबाखाली बारीकशी कचही इंजेक्टर खराब करते. इंजेक्टर फिल्टरच्या कितीतरी पट महाग असतो.

पाणी त्याहून वाईट. पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी होतं, तळाशी साठतं आणि पंपापर्यंत गंज पोचवतं. बहुतेक डिझेल फिल्टरमध्ये ते खाली जमतं, स्क्रू सैल करून काढता येतं. डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा लागला तर गाडी दामटू नका.

पेट्रोल गाड्यांत फिल्टर अनेकदा टाकीतच असतो. डिझेल फिल्टर किती किलोमीटरवर बदलायचा, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. घाटात रोजची ये-जा असेल तर ती मुदत अजिबात लांबवू नका. नवा फिल्टर बसवल्यावर लाइनमधली हवा काढून घ्यायला मेकॅनिकला आवर्जून सांगा.