चिनी लॅकर: लाख नव्हे, झाडाचा चीक

सावंतवाडीचं लाखकाम आपल्या ओळखीचं. त्यामुळे चीनच्या राजदरबारातली लाल कोरीव डबी पाहिली की तीही लाखेचीच असणार, असं आपण धरून चालतो. लाख हा किड्यांचा स्राव असतो आणि उष्णतेने तो वितळतो. चिनी लॅकर मात्र झाडाचा चीक आहे. हे झाड आपल्या बिब्ब्याच्या कुळातलं, आणि त्याचा ताजा चीक अंगाला लागला तर बिब्ब्यासारखाच उततो. एकदा घट्ट झाला की तो उष्णतेने वितळत नाही आणि पाण्यालाही दाद देत नाही.

तो उन्हात वाळवत असतील, हा आणखी एक समज. त्याला उलट उबदार, दमट हवा लागते. चिकातलं विकर अशाच हवेत काम करतं.

लाल डबी दगडातून कोरलेली असते किंवा कोरीव लाकडाला नुसता रंग दिलेला असतो, असंही अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात चिकात हिंगूळ मिसळून त्याचे पातळ थर वस्तूच्या गाभ्यावर चढवतात. एक थर घट्ट झाल्याशिवाय दुसरा देता येत नाही. उत्तम वस्तूवर शंभराच्या आसपास थर असतात. एवढी जाडी आल्यावरच सुरी चालते, आणि सगळं कोरीवकाम त्या थरांतच होतं.

चित्रामागची बारीक नक्षी केवळ जागा भरायला असते, हा समज मला सर्वांत खटकतो. मिंग काळातल्या निसर्गदृश्याच्या तबकाकडे जवळून पाहा. आकाशाला आडव्या तुटक रेषा, पाण्याला लाटा, जमिनीला चौकटीतली फुलं. सगळं एकाच लाल रंगात, तरीही सज्जात उभ्या असलेल्या विद्वानाच्या पायाखालची फरशी कुठे संपते आणि तळं कुठे सुरू होतं, हे डोळ्यांना लगेच कळतं. या कारागिरांना चित्रकारांइतकाच मान मिळायला हवा.

राहिला ड्रॅगनबद्दलचा समज. पाच नख्यांचा ड्रॅगन सम्राटाचा, हे ढोबळमानाने खरं. पण म्हणून दरबारी लॅकरवरचं प्रत्येक चिन्ह सत्तेचं नसतं. जियाजिंग सम्राट (१५२२ ते १५६६) ताओ पंथाच्या विधींतून दीर्घायुष्य शोधत होता. त्याच्या काळातल्या एका प्रसिद्ध डबीवर मधोमध ‘वसंत’ हे अक्षर आहे, त्यात दीर्घायुष्याचा देव बसला आहे, खाली रत्नांनी भरलेलं पात्र आहे. ड्रॅगन आहेत, पण ते दोन्ही बाजूंना. पुढे अठराव्या शतकात छ्यानलोंग सम्राटाने हीच रचना पुन्हा घडवून घेतली.